अक्कांच्या पाठीमागची फळी

अक्कांच्या दुकानात रंग घ्यायला गेलेला माणूस पहिल्या खेपेला रंग घेऊन कधी परतत नसे. "क्रीम कलर द्या," म्हणत तो काउंटरला टेकायचा, आणि अक्का डबा काढायच्या ऐवजी स्टूल पुढे सरकवायच्या.

"बसा पावणं. भिंतीसमोर काय हाय?"

पाव्हणा गोंधळायचा.

"म्हंजे झाड हाय, का लाइटीचा डांब हाय, का दुसऱ्याचं घर हाय? घर असंल तर त्येचा रंग कुठला?"

हे कुणालाच सांगता यायचं नाही. रोज दार उघडून बाहेर पडणाऱ्या माणसाला आपल्या दारासमोर काय आहे ते ठाऊक नसतं, हे मला त्या दुकानात बसून कळलं. मग अक्का त्याला घरी पिटाळायच्या. "जावा. दुपारचं चारला भिंतीम्होरं हुबं ऱ्हावा, आणि मग या." त्यातली निम्मी माणसं पुढच्या दुकानातून डबा उचलून मोकळी व्हायची. उरलेली परत यायची, आणि एकदा परत आली की मग जन्मात दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची नाहीत.

मी त्या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या एका बोळात खाली दुकान, मागे अक्कांचं घर, आणि बाजूच्या लोखंडी जिन्याने वर माझी खोली. नाशिकहून चित्रकलेचं शिक्षण घेऊन आलो होतो आणि उद्यमनगरातल्या एका छापखान्यात पाकिटांची डिझाइनं करायचो. आजऱ्याचे काजू, गुळाचे रवे, भडंग, कांदा-लसूण चटणी. काजूच्या पाकिटावर काजूच काढायचा, आणि तो मालकाच्या मते पुरेसा पिवळा दिसेपर्यंत बदलत बसायचा, हे माझं काम. खरी कला मुंबईत, पांढऱ्या भिंतींच्या गार खोल्यांत टांगलेली असते आणि आपण चुकून इकडे येऊन पडलो आहोत, अशी माझी पक्की समजूत होती. संध्याकाळी तोंड पाडून जिना चढायचो.

"तम्मा, तोंडाला काय झालंय?" अक्का खालून विचारायच्या. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. अक्कांचं माहेर सीमेवरच्या गावचं, घर लिंगायत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी, चष्म्याच्या काचांवर रंगाचे बारीक ठिपके. ते ठिपके त्या कधी पुसत नसत. त्यामुळे जग थोडं ठिपक्याठिपक्यांचंच दिसतं, असं म्हणायच्या. त्यांच्यापेक्षा लहान असलेला प्रत्येक पुरुष तम्मा होता, बँकेचा मॅनेजरसुद्धा.

नवरा रंगकामाची कंत्राटं घ्यायचा. तो गेल्यावर अक्का दुकानात बसल्या. त्याच्यामागे उरलेल्या सामानात एक जाडजूड फळी होती, परांचीवर रंगारी जिच्यावर उभे राहतात तशी. ती त्यांनी आपल्या बसायच्या जागेमागे भिंतीला उभी टेकवून ठेवली होती. हीच ती फळी.

अक्का रंग हाताने कालवायच्या. पांढऱ्या रंगात थेंब थेंब दुसरा रंग सोडायचा, काठीने ढवळायचं, आणि मग ती काठी खांद्यावरून मागे नेऊन फळीवर एक फराटा ओढायचा. मागे न बघता. पायाने टेबलफॅनचं बटण दाबायचं, म्हणजे फॅन फळीकडे वळून फराटा वाळवायचा. "वला रंग लबाड असतोय," त्या म्हणायच्या. "वाळल्यावर खरं बोलतोय." फराटा वाळेपर्यंत गिऱ्हाईक फळीकडे बघत राहायचं आणि अक्का गिऱ्हाइकाकडे. ही त्यांची सगळी विद्या. रंग त्या बघतच नसत. माणसाचं तोंड बघायच्या. माणूस तोंडाने "छान आहे" म्हणायचा आणि अक्का मान हलवायच्या. "न्हाय पटल्यालं तुमास्नी. थांबा." पुन्हा दोन थेंब, पुन्हा खांद्यावरून मागे फराटा. असं करता करता एका फराट्याला माणसाचा चेहरा सैल पडायचा. तेवढ्यात त्या डब्याचं झाकण ठोकून बसवायच्या.

तर अशी वर्षानुवर्षं त्या फळीवर रंग चढत होते. एकावर एक, आडवे, तिरपे, काही बोटभर जाड. गावातल्या कितीतरी घरांचे रंग त्यात होते आणि त्याहून जास्त, कुणीच न घेतलेले. पहिल्या दिवशी मला ती घाण वाटली. सहा-आठ महिन्यांनी एका दुपारी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो असताना मला ती दिसली, म्हणजे खरोखर दिसली, आणि माझा चहा हातातच निवला. कुठे पिस्त्याच्या शेजारी गंजलेला तांबडा, कुठे एका राखाडीवर तीन गुलाबी येऊन थांबलेले. मांडणी कुणी केलेली नव्हती आणि कुठे काही चुकलेलं नव्हतं. अशी चित्रं बघायला लोक विमानाने जातात. मी मात्र कुणाला काही सांगितलं नाही. अक्कांना तर नाहीच. का कोण जाणे, पण जीभ रेटली नाही.

दुपारी एक ते चार आमचा बोळ झोपायचा. शटर अर्धी खाली यायची, दुकानदार गाद्यांवर आडवे व्हायचे, आणि अक्का माझ्या स्कूटरमागे बसायच्या. रविवारी हमखास, एरवी मी छापखान्यातून सटकलो तर. "चल, भिंती बघून येऊ," एवढंच म्हणायच्या. कुठे जायचं ते ठरलेलं नसे. ऊन, रिकामे रस्ते, एखाद्या खिडकीतून रेडिओ, आणि मागून अचानक पाठीवर थाप. "थांब थांब थांब! बघ की!"

एकदा असं थांबलो ते एका पाडलेल्या घरापाशी. घर गेलं होतं, पण शेजारच्या इमारतीला चिकटलेली त्याची भिंत तशीच उभी होती आणि तिच्यावर सगळ्या खोल्या उघड्यावर दिसत होत्या. खाली हिरवा स्वयंपाकघराचा चौकोन, त्यात फळ्यांच्या पांढऱ्या रेघा. वर मोरीची मागची भिंत आणि फुटक्या फरशा. त्याच्यावर एक फिका जांभळा तुकडा, आणि जिना वर गेल्याची नागमोडी काळी खूण. एका खिळ्याला अजून कॅलेंडरची दोरी होती. अक्का समोरच्या कट्ट्यावर बसल्या त्या उठेनात. ऊन हिरव्यावरून जांभळ्यावर सरकत गेलं तसतशा मान वर करत गेल्या.

"जांभळ्या खोलीत पोरगी ऱ्हात असणार," त्या म्हणाल्या. "भांडून लावून घेतल्याला रंग हाय त्यो."

मी मोबाइल काढला तर मनगटावर चापट बसली. हा त्यांचा नियम होता. बघायचं, फोटो काढायचा नाही, उचलायचं नाही, घरी न्यायचं नाही. "फोटू काढलास की तुझं बघून झालं," म्हणायच्या. मला हे पटत नसे, पण मोबाइल खिशात जायचा.

इचलकरंजीला अक्कांच्या नात्यातल्या एकांची मागांची शेड होती. तिथे गेलो तेव्हा मागांच्या खडखडाटात आम्ही दोघं उभे होतो. एक बीम, म्हणजे उभं सूत गुंडाळलेला रूळ, संपून दुसरा जोडला जात होता. जुन्या सुताच्या टोकांना नव्याची टोकं गाठीने बांधतात. सगळ्या गाठी काही एका रेषेत येत नाहीत, त्यामुळे मधलं हातभर कापड मजेशीर निघतं. जुन्या बीमचा निळा मागे रेंगाळलेला, नव्याचा केशरी मधूनच पुढे घुसलेला. ते कापून टाकतात. बिहारकडचा एक विणकर त्या तुकड्याला हात पुसत होता. अक्का त्याच्या हातांकडे टक लावून बघत राहिल्या. तो बिचारा संकोचून तुकडा पुढे करायला लागला. "ले लो माँजी." अक्कांनी दोन्ही हात मागे नेले. "नको नको. तू पूस की हात." बिद्रीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीवर ठिगळं लावलेली ताडपत्री दिसायची, तेव्हाही त्या मान वळवून अशाच बघत राहायच्या. हळूहळू मलाही असं बघायची सवय लागली. काजूच्या पाकिटावर मी ठिगळांसारखे चौकोन जोडले तेव्हा छापखान्याचे मालक म्हणाले, "ह्ये काय गोधडी हाय व्हय?" पण पाकीट खपलं.

आता निळ्याची गोष्ट सांगतो.

सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या एक बाई होत्या. आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो. नवं घर बांधलं होतं आणि दाराला निळा हवा होता. "कुठला निळा?" "आमच्या वडिलांच्या दाराचा," सिस्टर म्हणाल्या. वडील दरवर्षी एप्रिलात, जयंतीच्या आधी, स्वतःच्या हाताने दाराला निळा लावायचे. ते घर राहिलं नव्हतं, वडीलही नव्हते. अक्कांनी शेड कार्ड उघडलंसुद्धा नाही. स्टूल दिलं आणि कालवायला घेतलं. ऑइल पेंट लवकर वाळत नाही; दुपार तशीच निघून गेली. सिस्टर प्रत्येक फराट्याला "जवळ आलाय" म्हणायच्या, आणि अक्का त्यांच्या चेहऱ्यावरून नजर न काढता कधी काळा, कधी हिरव्याचा टिपूस टाकायच्या. मग एक फराटा वाळला आणि सिस्टर काही बोलल्याच नाहीत. त्यांनी पदराचं टोक ओठांवर धरलं. अक्कांनी झाकण ठोकलं. तो निळा मी नंतर दारावर बघितला. त्या गल्लीत शिरलं की तो आधी दिसायचा आणि मग घर दिसायचं.

हे सगळं असंच चालत राहिलं असतं. पण एक दिवस रंगाच्या कंपनीचा नवा साहेब आला. तरुण, हसरा मुलगा होता, मनात काही वाईट नव्हतं. तो दुकानाचा हिशेब बघणाऱ्या अक्कांच्या भाच्याशी मशीनबद्दल बोलायला आला होता. कॉम्प्युटरवर नंबर दाबला की मशीन रंग कालवून देतं. ते घेतलं नाही तर कंपनी माल देणं कमी करणार होती. भाच्याला मशीन हवंच होतं, आणि त्याचंही खरं होतं. दुकानात जागा एकच होती, अक्कांच्या पाठीमागची. साहेब जागा बघायला वाकला आणि फळी बघून उभाच राहिला. "मॅडम, हे तर मॉडर्न आर्ट आहे!" त्याने फोटो काढले. ते मोबाइलमोबाइलांतून फिरले. आठवड्याभरात कॉलेजची पोरं यायला लागली, फळीला पाठ लावून स्वतःचे फोटो काढायला लागली. पुण्याहून एक गॅलरीवाल्या बाई येऊन गेल्या. फळी द्या म्हणाल्या, स्वच्छ काचेत ठेवू म्हणाल्या.

"सगळी माज्या पाटीमागं काय बघायल्यात?" अक्कांनी मला विचारलं. मग उठून, काउंटरला वळसा घालून, त्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर येऊन बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शटर अर्धं खाली होतं आणि त्याच्याखालून येणारं ऊन फरशीवरून फळीच्या पायथ्याशी पोचलं होतं. अक्कांनी चष्मा काढला, पदराने पुसला. मी त्यांना चष्मा पुसताना कधी बघितलं नव्हतं.

"ह्ये मी केलंय?"

"होय, अक्का."

"न्हाय," त्या म्हणाल्या. "मी काय केल्यालं न्हाय. म्हणून तर झालंय."

गॅलरीवाल्या बाईंना त्यांनी नकार दिला. उचलायचं नाही, हा नियमच होता. भाच्यालाही सांगितलं, "मशीन-बिशीन काय नको, फळी हितंच ऱ्हाणार." मला आनंद झाला. त्या दिवशी मी बासुंदी आणली.

पण त्यानंतर काहीतरी बिनसलं. अक्का आता काठी मागे नेताना वळून बघायला लागल्या. फराटा कुठे बसेल, कशाशेजारी बरा दिसेल, हे शोधायला लागल्या. एखादा ओढून झाला की मागे सरून, डोळे बारीक करून न्याहाळायच्या. नवे फराटे नीट बसायचे, एकमेकांना न दुखवता. फळीचा तेवढा कोपरा मिठाईच्या दुकानासारखा दिसायला लागला. आणि अक्का वळलेल्या असताना गिऱ्हाईक "छान आहे" म्हणायचं, ते तेवढंच ऐकून झाकण ठोकलं जायचं.

याच दिवसांत सिस्टर परत आल्या. घरावर मजला चढवला होता. वरच्या दारालाही तोच निळा हवा होता. अक्कांना कोण आनंद! कालवला, वळल्या, फळीवर एका पिवळ्याच्या कडेला छानसा फराटा ओढला, बघत राहिल्या. "हाच न्हवं?" सिस्टर म्हणाल्या, "हो अक्का, चालेल." मी सिस्टरांचा चेहरा बघत होतो. अक्का फळी बघत होत्या.

पंधरवड्याने दुपारी स्कूटर त्या गल्लीत वळली. खालचं दार निळं होतं. वरचंही निळं होतं. कुणालाही दोन्ही सारखेच वाटले असते. अक्का रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. सिस्टर ड्यूटीवरून येऊन नुकत्याच टेकल्या असाव्यात, त्या बाहेर आल्या.

"सिस्टर, ह्यो त्यो न्हवं की."

"असू दे अक्का. चांगला आहे."

"मला त्यावेळीच सांगायचं न्हाय व्हय?"

सिस्टर हसल्या. "तुम्ही एवढ्या खुशीत होता." मग हळूच म्हणाल्या, "मागच्या वेळी मला सांगावं लागलं नव्हतं."

अक्का स्कूटरवर बसल्या. वाटेत एकदाही पाठीवर थाप पडली नाही. दुकानापाशी उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. "तम्मा, हात लबाड झाला रं," म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. इतकी मोठी बाई त्या वेळी अगदी लहान दिसत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा निळा कालवला. आधी फळी भिंतीकडे तोंड करून उलटी लावली, सिस्टरांना बोलावून घेतलं, आणि काठी मागे नेऊन फळीच्या कोऱ्या पाठीवर फराटे ओढले. सिस्टरांनी पदर ओठांवर धरेपर्यंत त्या वळल्या नाहीत. मग भाच्याला हाक मारली. "मशीन आण. आणि फळी रंगाऱ्यास्नी दिऊन टाक."

"आत्ती, पुण्याच्या बाई तर—" भाचा म्हणाला.

"हुबं ऱ्हायाची फळी हाय ती. माणसं हुबी ऱ्हाऊ देत."

मी वाद घातला. खूप घातला. काचेत राहिली असती, लोकांनी बघितली असती, असं बरंच बोललो. अक्का ऐकून घेत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "ऱ्हाइली असती रं. पण निसती ऱ्हाइलीच असती." संध्याकाळी रंगारी फळी खांद्यावर टाकून घेऊन गेले.

मग आमच्या दुपारांना एक काम लागलं. आज फळी कुठे आहे? कधी शाहूपुरीत एखाद्या लॉजवर, कधी शाळेच्या भिंतीला, दोरांनी टांगलेली, ऊन खात. कोरी बाजू वर असली तर निळे फराटे झाकलेले, खालून जुने रंग दिसायचे. उलटी टाकली असली तर उलट. एकदा एक रंगारी तिच्यावर अनवाणी उभा राहून खिडकीची कड ओढत होता. ब्रशातून पिवळा ओघळ फळीच्या कडेवर पडला, त्याने सरकताना त्यावर टाच दिली आणि शिट्टी वाजवत पुढे गेला. अक्का मान वर करून बघत होत्या.

"त्येनं बघितलं न्हाय," म्हणाल्या. असं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी फक्त गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर बघितलं होतं.

पुढे मला पुण्याला नोकरी लागली. आता पांढऱ्या भिंतींच्या गार खोल्यांत माझं येणंजाणं असतं, चांगली चित्रंही बघतो. पण त्यांच्यासमोर उभा असताना पाठीवर थाप पडत नाही, आणि त्याची फार आठवण येते.

मागच्या दसऱ्यात कोल्हापूरला गेलो होतो. दुकानाला काचेचं दार झालं आहे. अक्कांच्या पाठीमागे ते मशीन, फ्रीजएवढं, पांढरंशुभ्र. समोर एक नवं जोडपं स्टुलांवर बसलं होतं. भाचा नंबर दाबत होता, मशीन रंग सोडत होतं, आणि अक्का त्या मुलीच्या तोंडाकडे बघत होत्या.

"न्हाय पटल्यालं हिला," त्या भाच्याला म्हणाल्या. "दोन थेंब काळा सोड."

डबा पुढे आला. अक्कांनी ढवळला, काठी खांद्यावरून मागे नेली आणि न वळता मशीनच्या कुशीवर फराटा ओढला. टेबलफॅन तिकडे वळला. मी मशीनच्या त्या बाजूकडे बघितलं. वीतभर जागा भरत आली होती. एक मातकट, एक पोपटी, अर्धवट पुसलेला गुलाबी, आणि अगदी कडेला, दुसऱ्या कशाशीही न जुळणारा, एक निळा.

"तम्मा, काय बघालायस?" अक्कांनी विचारलं. नजर त्या मुलीवरच होती.

"काय न्हाय, अक्का," मी म्हणालो.